नीरा खोऱ्यातील यंत्रे आणि इंग्रजी शब्द : एका दुर्लक्षित भाषाशिक्षणाचा इतिहास

प्रस्तावना

महाराष्ट्रातील ग्रामीण भागात इंग्रजीचे आगमन शाळेतून झाले, असे सर्वसाधारणपणे गृहीत धरले जाते. इंग्रजी शिक्षणाचा इतिहास लिहिताना मेकॉलेचे १८३५ चे टिपण, १८५४ चा वुडचा खलिता, १८५७ मध्ये स्थापन झालेले मुंबई विद्यापीठ असे टप्पे सांगितले जातात. हे टप्पे खरे असले तरी ते शहराचे आहेत. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतील शेतकऱ्याच्या कानावर इंग्रजी शब्द पडले ते पुस्तकातून नव्हे, तर कालवा, नांगर, इंजिन आणि साखर कारखाना यांच्याबरोबर. हा शब्दसंग्रह हातातून आणि कानातून आला. डोळ्यांपुढे लिखित रूपात तो फारच उशिरा आला, पुष्कळांच्या बाबतीत आलाच नाही. प्रस्तुत लेखात नीरा खोऱ्यातील दैनंदिन जीवनात शिरलेल्या शोधांचा या अंगाने विचार केला आहे. ग्रामीण महाविद्यालयातील विद्यार्थ्याचे इंग्रजी 'शून्यापासून' सुरू होते, ही अध्यापनातील रूढ समजूत या इतिहासाच्या कसोटीला उतरत नाही, हे येथे प्रामुख्याने दाखवावयाचे आहे.

कालव्याची भाषा

१८७६-७७ च्या दुष्काळात दुष्काळी काम म्हणून हाती घेतलेला नीरा डावा कालवा १८८५ मध्ये सुरू झाला. वेळवंडी नदीवरील भाटघरच्या जलाशयाचे पाणी या कालव्याने पुरंदर, बारामती आणि इंदापूर या अवर्षणग्रस्त भागांत पोहोचविले. आजचे सोमेश्वरनगर याच कालव्याच्या पट्ट्यात वसलेले आहे. लोकांनी कालव्याला 'पाट' हा आपला जुना शब्द दिला, त्यावर देखरेख करणाऱ्याला 'पाटकरी' म्हटले, पोटकालव्याला 'चारी' म्हटले. जेथे वस्तू ओळखीची वाटली तेथे शब्द घरचा वापरला गेला. परंतु सरकारी खात्याची व्यवस्था ओळखीची नव्हती. तिच्यासाठी गेज, सायफन, आऊटलेट हे शब्द जसेच्या तसे आले. पाण्याच्या मागणीचा अर्ज हा आजही 'सात नंबरचा फॉर्म' आहे; त्यातील आकडा सोडला तर 'नंबर' आणि 'फॉर्म' हे दोन्ही शब्द इंग्रजी, आणि तो भरणाऱ्या शेतकऱ्याला त्यांचे परकेपण जाणवतही नाही.

या कालव्यावर एक शोध खऱ्या अर्थाने घडला. मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात असताना मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी नीरा कालव्यासाठी 'ब्लॉक पद्धत' मांडली. पाणी कोठेही, कसेही न देता ठरावीक क्षेत्राचे गट पाडावेत आणि त्या गटात ऊस व इतर पिके आळीपाळीने घ्यावीत, असे तिचे थोडक्यात स्वरूप होते. 'ब्लॉक' हा शब्द कालव्याच्या पट्ट्यात शेतीचा शब्द म्हणून रुजला. याच विश्वेश्वरय्यांनी १९०३ मध्ये पुण्याजवळील खडकवासला येथे स्वयंचलित दरवाजे बसविले. जलाशयाची पातळी ठरलेल्या मर्यादेपुढे गेली की ते आपोआप उघडत आणि पातळी उतरली की बंद होत. माणसाचा हात न लागता परिस्थिती ओळखून काम करणारे यंत्र हीच जर यंत्रमानवाची प्राथमिक व्याख्या मानली, तर पुणे जिल्ह्याला तिची ओळख विसाव्या शतकाच्या तिसऱ्या वर्षीच झाली होती, असे म्हणण्यास हरकत नाही.

अर्थात शोध आला म्हणजे त्याचे ज्ञानही आले असे नाही. पाणीपट्टी वसूल करणारे खाते शेतकऱ्याला वेळेवर पाणी पुरविते काय, हा प्रश्न महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये उपस्थित केला होता. शेतकऱ्याच्या मुलांना शिक्षण मिळाल्याखेरीज नवी साधने त्याच्या उपयोगाची नाहीत, हा त्यांचा आग्रह येथे विशेष महत्त्वाचा ठरतो. कालवा गावात आला. कालव्याची कागदपत्रे वाचण्याची विद्या मात्र कित्येक पिढ्या मागे राहिली.

नांगर, इंजिन आणि 'फुटबॉल'

यंत्राची भाषा मराठीत छापील रूपाने आणण्याचे श्रेय ज्यांना द्यावे लागते त्यांत किर्लोस्कर हे नाव अग्रभागी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) यांनी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमधील नोकरी सोडून बेळगावात सायकलच्या व्यवसायातून प्रारंभ केला. कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर ही त्यांची आरंभीची उत्पादने. लोखंडाने जमिनीत विष भिनते या समजुतीमुळे सुरुवातीला नांगराला गिऱ्हाईक मिळेना, असे सांगितले जाते. १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली, आणि १९२० मध्ये या कारखानदारीतूनच 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिक निघाले. यंत्रे विकणाऱ्या कारखान्याचे पत्रक पुढे मराठीतील एक प्रमुख मासिक व्हावे, ही घटना आपल्या वाङ्मयेतिहासात नोंदली गेली आहे. परंतु यंत्र आणि भाषा यांच्या संबंधाचा पुरावा म्हणून तिच्याकडे क्वचितच पाहिले जाते.

१९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली. त्यानंतरच्या दशकांत डिझेल इंजिन विहिरीवर आले आणि मोट हळूहळू मागे पडली. मोटेबरोबर नाडा, सोंदूर, धाव, थारोळे हे शब्दही गेले. त्यांच्या जागी पिस्टन, नोझल, बेरिंग, ग्रीस आले. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झाल्यानंतर विजेच्या पंपाचा प्रसार झाला आणि स्टार्टर, फ्यूज, फेज, ऑटोस्विच ही आणखी एक शब्दावली शिवारात पसरली.

या शब्दांना मराठीने ज्या रीतीने सामावून घेतले ती रीत पाहण्यासारखी आहे. त्यांना लिंग मिळाले : ती मोटार, ते इंजिन, तो पंप. त्यांची अनेकवचने मराठी झाली : मोटारी, इंजिने. उच्चार जिभेला सोयीचे झाले. वॉशरचा 'वायसर' झाला, स्क्रूचा 'इस्क्रू' झाला, आणि विहिरीच्या तळाशी पाणी धरून ठेवणाऱ्या फूट व्हॉल्व्हचा चक्क 'फुटबॉल' झाला. शेवटच्या उदाहरणास अडाणीपणा म्हणून हसण्यात अर्थ नाही. परका आवाज ऐकला की कान त्यातून ओळखीचा शब्द शोधतो, हा भाषेचा सार्वत्रिक नियम आहे. अर्थही बदलले. 'मोटार' म्हणजे पंप, 'लाईट' म्हणजे एकंदर वीज, 'डीपी' म्हणजे रोहित्र. 'टेम्पो' हे मूळ एका जर्मन वाहनाचे नाव पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीमार्फत मालवाहू गाडीचे सामान्यनाम झाले. 'स्टेपनी' हा शब्द तर वेल्समधील लॅनेली गावच्या स्टेपनी रस्त्यावरून आला. तेथील एका कंपनीने १९०४ च्या सुमारास जादा चाक विकण्यास आरंभ केला होता. इंग्लंडमधील आजच्या इंग्रजी भाषकाला तो शब्द बहुधा कळणार नाही. बारामतीच्या कोणत्याही गॅरेजमध्ये तो कळतो.

असे घेणे-देणे मराठीला नवीन नव्हते. चावी, घमेले, बालदी, आगीचा बंब हे शब्द पोर्तुगीजांकडून आले आणि आज त्यांना कोणी परके म्हणत नाही. १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने परिभाषेचे मोठे कार्य केले, त्याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि 'रोहित्र' हा शब्द वीज खात्याच्या सूचनेत राहिला आणि शेताच्या बांधावर 'डीपी' जळत राहिली, हेही तितकेच खरे आहे.

स्वयंपाकघराचा विचार येथे ओघाने करावा लागतो, कारण यंत्राचा इतिहास बहुधा पुरुषांच्या अवजारांपुरताच लिहिला जातो. पिठाच्या गिरणीने स्त्रीच्या हातचे जाते सोडविले. त्याबरोबर पहाटेच्या ओव्यांचा प्रसंगही गेला. पुढे स्टोव्ह, कुकर, मिक्सर, गॅस आले. स्त्रियांनी या वस्तूंची भाषा अधिक मोकळेपणाने घडविली असे दिसते. कुकरच्या व्हिसलला त्यांनी 'शिट्टी' हा मराठी शब्द दिला, आणि गॅस्केट या अवघड शब्दाऐवजी 'रिंग' हा सोपा इंग्रजी शब्द स्वतःच निवडला.

कारखाना : शब्दांची शाळा

१९३४ मध्ये इंदापूर तालुक्यातील कळंब परिसरात वालचंद हिराचंद (१८८२–१९५३) यांचा साखर कारखाना सुरू झाला आणि वालचंदनगर उभे राहिले. या नगरीतील अभियांत्रिकी उद्योगाने पुढे साखर कारखान्यांची यंत्रसामग्री तर बनविलीच, शिवाय भारतीय अंतराळ कार्यक्रमातील प्रक्षेपकांसाठी भागही बनविले. प्रवरानगरच्या प्रयोगानंतर सहकारी कारखानदारीचे लोण नीरा खोऱ्यात पोहोचले. १९५० च्या दशकात माळेगाव आणि १९६० च्या दशकात मुगुटराव काकडे यांच्या पुढाकाराने सोमेश्वर हे सहकारी कारखाने उभे राहिले.

कारखान्याने भाषेची एक संपूर्ण उतरंडच निर्माण केली. हंगामाच्या आरंभी 'गव्हाणीत मोळी' टाकली जाते आणि बॉयलरचे 'अग्निप्रदीपन' होते. गव्हाण आणि मोळी शेतकऱ्याची, बॉयलर इंग्रजांचा, अग्निप्रदीपन संस्कृतातून घडविलेले. एकाच समारंभात तीन भाषास्तर सुखाने नांदतात. कामगार 'सिझनल' किंवा 'पर्मनंट' असतो, तो 'शिफ्ट'ला जातो. शेतात उसाची नोंद ठेवणारा 'चिटबॉय' असतो. या शब्दातील दुसरा भाग वसाहतकालीन कार्यालयातून आला आहे. तो पन्नाशीच्या गृहस्थालाही लावला जातो, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

ऐकलेला शब्द, न वाचलेला शब्द

वरील विवेचनावरून शेतकरी कुटुंबातील मुलाला महाविद्यालयात येण्यापूर्वीच शेकडो इंग्रजी शब्द ठाऊक असतात, हे स्पष्ट व्हावे. तो 'फेज गेली' म्हणतो, 'बेरिंग जाम झाले' म्हणतो, 'प्रेशर कमी आहे' म्हणतो. परंतु हाच मुलगा 'बेअरिंग' हा शब्द पाठ्यपुस्तकात आला तर अडखळतो, कारण त्याने तो कधी लिहिलेला पाहिलेला नसतो. आणि प्राध्यापकाला तो शब्द मुलाला येतो हे माहीत नसते.

ही दरी शिक्षणव्यवस्थेने बुजविली नाही. महाराष्ट्र शासनाने २००० पासून पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी सुरू केले. पूर्वी इंग्रजी पाचवीपासून होते. शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांच्या काळातील या निर्णयामागे ग्रामीण व गरीब मुलांना संधी मिळावी हा हेतू होता, आणि त्याचे स्वागत करणे योग्यच होते. मात्र इंग्रजी लवकर सुरू करणे आणि मुलाच्या जवळच्या इंग्रजीपासून सुरू करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली गोष्ट झाली, दुसरी राहून गेली.

याचे परिणाम केवळ गुणपत्रिकेपुरते नाहीत. कीटकनाशकाच्या डब्यावरील सूचना, पंपाच्या पाटीवरील अश्वशक्ती आणि व्होल्टेजचे आकडे, ट्रॅक्टरची माहितीपुस्तिका, कर्जाच्या कागदावरील अटी या सर्व ठिकाणी ऐकलेले इंग्रजी अपुरे पडते. शब्द ओठांवर असूनही कागदावर तो ओळखू न येणारा शेतकरी दुकानदाराच्या, मिस्त्रीच्या किंवा दलालाच्या वाचनावर अवलंबून राहतो. फुल्यांनी पाण्यासंबंधी विचारलेला प्रश्न येथे शब्दांच्या संदर्भात पुन्हा समोर येतो.

याच्या उलट, 'फुटबॉल' आणि 'फूट व्हॉल्व्ह' हे दोन शब्द फळ्यावर शेजारी लिहिले, तर इंग्रजी उच्चार, समासघटना आणि अर्थ हे तिन्ही विषय एका तासात शिकविता येतात. 'लाईट' आणि 'इलेक्ट्रिसिटी' यांतील फरक, 'मोटार' आणि 'पंप' यांतील फरक हेही याच पद्धतीने सांगता येतील. त्यासाठी नव्या भाषाप्रयोगशाळेची आवश्यकता नाही. पंप दुरुस्तीच्या दुकानातील सुट्या भागांची यादी पुरेशी आहे.

यंत्रमानवाच्या उंबरठ्यावर

'रोबॉट' हा शब्द चेक नाटककार कारेल चापेक यांच्या १९२० च्या 'आर.यू.आर.' या नाटकातून जगभर गेला. तो त्यांना त्यांचे बंधू योसेफ यांनी सुचविला होता. चेक भाषेतील 'रोबोटा' म्हणजे जमीनदारासाठी सक्तीने करावयाचे काम. मराठीत यासाठी 'वेठ' हा नेमका शब्द उपलब्ध आहे. आपण मात्र 'यंत्रमानव' हा शब्द स्वीकारला. तो अर्थाने निर्दोष असला तरी त्यात वेठीची आठवण उरली नाही.

बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठ यांच्या सहकार्याने ऊसशेतीत कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर करण्याचा प्रकल्प २०२४ मध्ये शेतकऱ्यांपर्यंत नेला. जमिनीतील संवेदक, हवामान केंद्र आणि उपग्रहाची छायाचित्रे यांच्या आधारे पाणी व खत यांविषयीच्या सूचना मोबाईलवर मिळतात. ज्या पट्ट्यात पाटकऱ्याच्या हाकेवर पाणी सुटत असे, तेथे हा बदल एका शतकाहून थोड्या अधिक काळात घडला. सेन्सर, डेटा, ॲप, अलर्ट हे शब्द आता त्याच जुन्या वाटेने, म्हणजे कानातून, शिवारात येत आहेत.

दुसरीकडे ऊसतोडणीसाठी हार्वेस्टर आले आहेत. बीड आणि अहिल्यानगरच्या दुष्काळी भागांतून येणाऱ्या तोडणी कामगारांचे काम त्यामुळे कमी होते आणि त्यांचे कष्टही कमी होतात. या दोहोंपैकी कोणते आधी मोजावे हे बाहेरून ठरविणे कठीण आहे. या कामगारांच्या नोंदीची परिभाषा मात्र लक्षात घेण्याजोगी आहे. ऊस तोडणाऱ्या पती-पत्नीच्या जोडीला मिळून 'एक कोयता' म्हणतात. एकटा मजूर असेल तर तो 'अर्धा कोयता'. हार्वेस्टर चालविणारा एकच माणूस असतो आणि त्याला 'ऑपरेटर' म्हणतात. त्याच्यासमोरच्या पॅनेलवरील खुणा आणि सूचना इंग्रजीत असतात, आणि कोयत्यावर वाढलेल्या मुलाला त्या आसनावर बसावयाचे असेल तर प्रथम त्या वाचता याव्या लागतात.