रायपूरची बारी

छत्तीसगढचा इतिहास मराठी माणसाला ठाऊक असतो तो बहुधा नागपूरकर भोसल्यांच्या निमित्ताने. १७४१ साली भास्करपंतांनी बंगालच्या स्वारीवर जाताना रतनपूर घेतले. १७५८ पासून बिंबाजी भोसले तेथेच राहून कारभार पाहू लागले. १७८७ साली ते वारले आणि प्रांत सुभेदारांच्या हाती गेला. १८१८ मध्ये इंग्रज अधीक्षक आले, आणि कर्नल ॲग्न्यू यांच्या अमदानीत कारभाराचे ठाणे रतनपूरहून रायपूरला हलले. १८५४ मध्ये तर नागपूरचे राज्यच खालसा झाले.

या सनावळीत राजे आहेत, सुभेदार आहेत, खंडणी आहे, तह आहेत. परंतु एक साधा प्रश्न तिला विचारला, तर ती निरुत्तर होते. हा प्रांत भाताचा. मार्गशीर्षात कापणी-मळणी आटोपली म्हणजे वर्षाचा दाणा घरात येई. पण माघ-फाल्गुनापासून पहिल्या पावसापर्यंत त्या भाताबरोबर लोक खात काय होते? या प्रश्नाचे उत्तर दरबारी कागदांत शोधण्यापेक्षा घराच्या मागील दाराने बाहेर पडून शोधलेले बरे. तेथे बारी होती.

बारी म्हणजे घरामागचा भाजीपाल्याचा तुकडा. कोकणात ज्याला परसू म्हणतात, देशावर परडे आणि वऱ्हाड-नागपुराकडे सांदवाडी, त्याचेच हे छत्तीसगढी नाव. बारीत शिरलेल्या मराठी माणसाला काही नावे निराळी वाटतील. कोहळा तेथे रखिया होतो, अळूला कोचई म्हणतात, टोमॅटोला पताल. शेवग्याला मुनगा म्हणतात. पण हा शब्द नागपूरकराला मुळीच परका नाही. पलीकडच्या कोपऱ्यात शेणखताचा खड्डा असतो, तो घुरवा. विहीर असेल तर तिच्यावर टेडा, म्हणजे एका टोकाला वजन आणि दुसऱ्या टोकाला बादली बांधलेला आडवा लाकडी दांडा. कोकणात लाटेने पाणी काढतात, त्यातलाच हा प्रकार.

रायपूरला वर्षाकाठी सुमारे १२०० ते १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. पण त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत. उरलेले आठ महिने आकाशाकडे पाहण्यात अर्थ नाही. शेत म्हणूनच पावसाचे. बारी मात्र विहिरीची आणि माणसाच्या हातांची. थंडी सरते आणि ऊन अजून तापलेले नसते, तो दीड-दोन महिन्यांचा काळ बारीच्या कसोटीचा. त्यात जे केले, त्यावर उन्हाळा निभावतो.

या कामांचे वेळापत्रक पंचांग ठरवून देई. आरंभ पौष पौर्णिमेचा. त्या दिवशी छत्तीसगढात छेरछेरा हा सण असतो. मुलांच्या टोळ्या दारोदार नव्या भाताचे दान मागत फिरतात आणि कोणतेही घर त्यांना विन्मुख पाठवीत नाही. हीच शाकंभरी देवीची पौर्णिमा, आणि ही देवी भाजीपाला पिकवणाऱ्या मरार समाजाची आराध्य देवता. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांतातील जातिजमातींवर १९१६ साली चार खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात मरारांची नोंद माळ्यांबरोबरच केलेली आहे. धान्याचे दान आणि भाजीची देवी एकाच दिवशी यावीत, हे मोठे सूचक आहे. शेताचे काम संपले आणि बारीचे सुरू झाले, असेच जणू ती पौर्णिमा सांगते.

पहिले काम कुंपणाचे. भात कापून शेते मोकळी झाली की गावची गुरेही मोकळी सुटतात, आणि चोहीकडे पिवळे पडत चाललेले असताना बारी तेवढी हिरवी असते. तेव्हा बोरी-बाभळीच्या काट्या नव्याने रचायच्या, बेशरमीच्या फांद्या मधल्या खिंडारांत खोवायच्या. ही बेशरम मूळची अमेरिका खंडातली. मिरची, टोमॅटो, पपईही तिकडचीच. पोर्तुगीज जहाजांनी पश्चिम किनाऱ्यावर वाट उघडल्यानंतरच्या शतकांत ही परदेशी मंडळी देशभर पांगली आणि समुद्रापासून इतक्या दूरच्या परसांतही घरची होऊन बसली.

दुसरे काम बियाण्याचे. अश्विन-कार्तिकात लावलेला मुळा, मेथी, कोथिंबीर, वांगी यांचा बहर आता ओसरत असतो. अशा वेळी जाणती गृहिणी सगळेच तोडून खात नाही. चार मुळे फुलावर जाऊ देते, वाफ्याचा एक कोपरा कोथिंबिरीचे धणे होईपर्यंत राखते, सर्वांत निरोगी झाडावरचे वांगे पिवळे पडेपर्यंत हात लावीत नाही. दोडके व दुधी वेलावरच वाळवून चुलीच्या धुराजवळ टांगते, बी राखेत घोळून ठेवते. बाजारात बियाण्याची पाकिटे येण्यापूर्वी वाणांची निवड ही अशी स्वयंपाकघराच्या आढ्याखाली होत असे. रायपूरजवळ लभांडी येथे सरकारी शेतकी फार्म १९०३ साली निघाला आणि इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालय १९८७ साली स्थापन झाले; पण निवडीचे मूळ शास्त्र त्याआधी कित्येक पिढ्या या बायकांच्या हातांत होते.

तिसरे काम पेरणीचे, आणि येथे दिवसांचा हिशेब फार काटेकोर. काकडी, कारले, दोडका, दुधी या वेलांचे बी थंड मातीत कुजते. म्हणून माघ उजाडून मातीला ऊब येईपर्यंत थांबावे लागते. फार थांबावे, तर वैशाखातल्या रखरखाटात वेलावर नर फुलेच अधिक येतात, मादी फुले कमी, आणि फळधारणा मंदावते. तेव्हा जे काय करायचे ते माघातल्या तीन-चार आठवड्यांत. बी रात्रभर भिजवायचे, ओल्या फडक्यात बांधायचे, मोड दिसला की घुरव्यातले कुजलेले खत घातलेल्या आळ्यांत लावायचे. राजिमला महानदी, पैरी आणि सोंढूर या नद्यांच्या संगमावर माघ पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत मोठी जत्रा भरते. शिवरात्र उलटली की नव्या वेलांच्या पेरणीची वेळ सरत आली, असे समजावे.

चौथे काम मातीचे. छत्तीसगढी शेतकरी जमिनीला चार नावांनी ओळखतो: पिवळसर ती मटासी, काळी ती कन्हार, दोहोंच्या मिश्रणाची दोरसा आणि लाल मुरमाड ती भाटा. कन्हार सुकली की भेगाळते, म्हणून तिची वरची खपली खुरप्याने सतत मोडावी लागते. भाट्यात पाणी ठरत नाही, म्हणून तिला भाताच्या पेंढ्याचे आच्छादन आणि तळ्यातला गाळ हवा. तळ्यांची या प्रांताला वाण नव्हती. सहा कोडी आणि वर सहा, म्हणजे एकशे सव्वीस तळी, अशी लोकोक्तीच तेथे आहे. फाल्गुन-चैत्रात तळ्यांचे पाणी ओसरे आणि काठचा गाळ पाट्यांनी परसांत येई. रायपूरचा बुढा तालाब, महाराजबंध, तेलीबांधा ही तळी केवळ स्नानाची आणि शोभेची नव्हती. आसपासच्या मातीशी त्यांचे असे देणेघेणे होते.

भोसल्यांच्या राजवटीत आणि नंतरही जी मराठी कुटुंबे रायपुरात स्थिरावली, त्यांची आठवण तात्यापारा हा भाग आजही जागवतो. दासबोध आणि गीतारहस्य हिंदीत आणणारे माधवराव सप्रे हेही रायपूरकरच. १९२६ साली ते तेथेच वारले. समर्थांनी 'बागप्रकरण' रचून झाडाझुडपांची नावे गुंफली आहेत, हे अशा घरांना नव्याने सांगायला नको. पण परमुलखात नुसती नावे पाठ असून भागत नाही. तेथील माती शेजारणीकडूनच शिकावी लागते. मराठी घरी कोहळ्याचे सांडगे घालतात, छत्तीसगढी घरी उडदाच्या डाळीत तोच कोहळा किसून रखिया बडी घालतात. दोन्ही वाळवणे एकाच उन्हात पडली, की सत्ताधीश कोण आणि रयत कोण हा भेद निदान अंगणापुरता तरी पुसट होतो.

तरीही बारीचे गोडवे गाताना तोल सुटू नये. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दुष्काळांनी छत्तीसगढ होरपळून निघाले. विहिरी आटल्यावर बारी कोणाला वाचवू शकली नसती. ज्याला घरामागे हातभर जागा नाही, त्याच्या वाट्याला तर ती कधीच आली नाही. बारी कोठाराची जागा घेत नाही. भरल्या कोठाराचे रूपांतर ती जेवणात करते, एवढेच तिचे काम. आणि ते लहान नाही.

१ नोव्हेंबर २००० रोजी रायपूर नव्या राज्याची राजधानी झाले. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती दहा लाखांवर गेली. घरे उंच झाली, परसे आखूड झाली. २०१८ च्या अखेरीस आलेल्या राज्य सरकारने ओढा, गुरे, खतखड्डा आणि बारी या चारांना एकत्र गुंफून ग्रामविकासाची योजना आखली, तेव्हा हा शब्द सरकारी घोषणेत आला. योजना येतात, सरकारांबरोबर बदलतात. परंतु कोणते बी खायचे नाही, वेल केव्हा लावायचा, गाळ कोठून आणायचा, हे ज्ञान एका पिढीने हातात घेतले नाही, तर पुढच्या पिढीला ते कोणत्याही दप्तरात सापडणार नाही. कारण ते कधी लिहिलेच गेले नव्हते. गच्चीवरच्या चार कुंड्यांतही ते जगू शकते. माघात एक दोडका वेलावर वाळू द्यावा आणि त्याचे बी पुढच्या माघासाठी राखावे, एवढ्यानेही त्या इतिहासाचे एक पान शाबूत राहील.