न्यूयॉर्कचे राजकीय क्लब : मासिक सभेतून उभी राहणारी सत्ता

अमेरिकेतील राजकीय पक्षांचे स्वरूप भारतीय पक्षांहून बरेच वेगळे आहे. तेथे पक्षाचे सभासदत्व म्हणजे बहुधा मतदार नोंदणीच्या अर्जावर केलेली पक्षाची निवड एवढेच असते. पक्षाची वर्गणी नाही, पक्षाचे ओळखपत्र नाही आणि गल्लोगल्ली फलक लावलेली शाखाही नाही. न्यूयॉर्क शहर मात्र या बाबतीत बराच काळ अपवाद ठरले. तेथे वस्तीपातळीवर राजकीय क्लबांची परंपरा रुजली आणि दीडशे वर्षांत अनेक स्थित्यंतरे होऊनही ती पूर्णपणे लोप पावली नाही. या क्लबांचा प्राण म्हणजे त्यांची मासिक सभा होय.

सभेचे दृश्य साधेच असते. चर्चच्या तळघरात, शाळेच्या सभागृहात किंवा एखाद्या संस्थेच्या खोलीत संध्याकाळी घडीच्या खुर्च्या मांडल्या जातात. मागील सभेचे इतिवृत्त मंजूर होते, खजिनदार जमाखर्च सांगतो, नगरसेवकाचा किंवा राज्य विधानसभेच्या सदस्याचा प्रतिनिधी चार शब्द बोलतो, रस्ता, शाळा, घरभाडे यांवर प्रश्नोत्तरे होतात आणि ठराव मांडले जातात. बाहेरच्या माणसाला हा सारा प्रकार कंटाळवाणा वाटण्याचा संभव आहे. परंतु शहराच्या महापौरांपासून न्यायाधीशांपर्यंत अनेकांच्या कारकिर्दीची पहिली पायरी अशाच खोल्यांत घडली आहे.

टॅमनी हॉलचा काळ

या परंपरेचे मूळ ‘टॅमनी हॉल’ या प्रसिद्ध आणि तितक्याच बदनाम संघटनेत आहे. सोसायटी ऑफ सेंट टॅमनी ही संस्था न्यूयॉर्कमध्ये 1789 साली स्थापन झाली. आरंभी ती बंधुभाव जोपासणारी मंडळी होती. एकोणिसाव्या शतकात ती मॅनहॅटनमधील डेमोक्रॅटिक पक्षाची खरी सूत्रधार बनली. विल्यम ट्वीड या तिच्या नेत्याने केलेली लूट जगजाहीर झाली, 1873 साली तो दोषी ठरला आणि 1878 साली तुरुंगातच मरण पावला. तथापि ट्वीड गेला तरी संघटना टिकली, कारण तिचा पाया एका नेत्यावर नव्हे, तर प्रत्येक विधानसभा मतदारसंघातील क्लबवर उभा होता.

या क्लबचे काम कसे चाले, याचे सर्वांत बोलके वर्णन जॉर्ज वॉशिंग्टन प्लंकिट या टॅमनीच्या पुढाऱ्याच्या संभाषणांत आढळते. पत्रकार विल्यम रिओर्डन यांनी ती 1905 साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. त्यात प्लंकिटच्या एका दिवसाची नोंद आहे. मध्यरात्रीनंतर दोन वाजता कोणीतरी दाराची घंटा वाजवतो आणि अटक झालेल्या दारू दुकानदाराला जामीन देण्यासाठी प्लंकिटला पोलीस ठाण्यावर नेतो. पुढे आगीत घर गमावलेल्या कुटुंबांची सोय, बेरोजगारांना काम, अंत्ययात्रा, लग्न असा क्रम चालतो. संध्याकाळी क्लबच्या कचेरीत केंद्रप्रमुखांची बैठक भरते. प्रत्येक जण आपल्या भागातील मतदारांची यादी समोर ठेवतो. कोण आपल्या बाजूचा, कोण वळवता येईल, कोणाला गरज आहे आणि कोण अडचणीत आहे, याचा तपशील तेथे नोंदला जातो.

गरजूंची यादी आणि मतदारांची यादी एकच असणे, हे या यंत्रणेचे मर्म होते. सरकारी मदतीची व्यवस्था नसलेल्या त्या काळात आयरिश, इटालियन, ज्यू अशा गरीब स्थलांतरितांना क्लब हाच आधार होता. मदतीच्या मोबदल्यात मत मिळे, मतातून सत्ता आणि सत्तेतून नोकऱ्या व कंत्राटे. याच मुशीतून अल स्मिथसारखा कर्तबगार नेताही घडला. लोअर ईस्ट साइडच्या क्लबमधून पुढे आलेले स्मिथ न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर झाले आणि 1928 साली अध्यक्षपदाचे उमेदवार ठरले. अर्थात क्लबच्या सभेत निर्णय होत नसत. निर्णय आधीच झालेला असे, सभा केवळ मान डोलावण्यासाठी असे.

पुढे भ्रष्टाचाराच्या चौकशीमुळे महापौर जिमी वॉकर यांना 1932 साली राजीनामा द्यावा लागला. सुधारणावादी फिओरेलो ला गार्डिया 1934 ते 1945 या काळात महापौर होते. त्यांच्या कारकिर्दीत क्लबच्या शिफारशीवर मिळणाऱ्या नोकऱ्या आटल्या. त्याच सुमारास केंद्र सरकारच्या कल्याणकारी योजना सुरू झाल्याने गरजूंना पुढाऱ्याचे दार ठोठावण्याचे कारण उरले नाही. 1943 साली टॅमनीला युनियन स्क्वेअरवरील आपली वास्तूही विकावी लागली.

सुधारणावाद्यांचे क्लब

दुसऱ्या महायुद्धानंतर मॅनहॅटनमध्ये एक नवा वर्ग राजकारणात उतरला. वकील, शिक्षक, लेखक, गृहिणी अशा या मंडळींना नोकरी वा कंत्राट नको होते. पक्षातील पुढारीशाही त्यांना मान्य नव्हती. 1949 साली लेक्झिंग्टन डेमोक्रॅटिक क्लब स्थापन झाला. अॅडलाई स्टीव्हन्सन यांच्या 1952 आणि 1956 च्या अध्यक्षीय प्रचारात राबलेल्या तरुणांनी या चळवळीला बळ दिले. ग्रीनिच व्हिलेजमध्ये ‘व्हिलेज इंडिपेंडंट डेमोक्रॅट्स’ हा क्लब उदयास आला. 1959 साली एलिनॉर रूझवेल्ट आणि माजी गव्हर्नर हर्बर्ट लेहमन यांच्यासारख्या ज्येष्ठांनी या क्लबांच्या पाठीशी आपले वजन उभे केले.

ग्रीनिच व्हिलेज हा टॅमनीचे प्रमुख कार्माइन डीसॅपिओ यांचा बालेकिल्ला होता. राज्यभर दबदबा असला तरी त्यांचे पद टिकण्यासाठी स्वतःच्या वस्तीतील ‘डिस्ट्रिक्ट लीडर’ची निवडणूक जिंकणे आवश्यक होते. नेमक्या याच दुव्यावर नव्या क्लबने घाव घातला. 1961 साली डीसॅपिओ आपल्याच वस्तीत पराभूत झाले आणि टॅमनीचे प्रमुखपदही त्यांच्या हातून गेले. 1963 साली त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा एड कॉच या तरुण वकिलाने त्यांना अवघ्या 41 मतांनी हरवले. प्रकरण न्यायालयात गेले, 1964 साली पुन्हा मतदान झाले आणि कॉच यांचे मताधिक्य 164 वर गेले. हेच कॉच पुढे अमेरिकन काँग्रेसमध्ये गेले आणि 1978 ते 1989 अशी बारा वर्षे शहराचे महापौर राहिले.

एक्केचाळीस मते म्हणजे दोन-तीन इमारतींतील रहिवासी. एवढ्या मतांसाठी दारोदार फिरणारी माणसे क्लबच्या सभेतूनच मिळाली. राज्यशास्त्रज्ञ जेम्स क्यू. विल्सन यांनी 1962 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अभ्यासात न्यूयॉर्क, शिकागो आणि लॉस एंजेलिस येथील अशा हौशी कार्यकर्त्यांची चिकित्सा केली. धोरण आणि तत्त्व यांसाठी राजकारणात येणारा हा कार्यकर्ता जुन्या व्यावसायिक कार्यकर्त्याहून मुळातच भिन्न आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते.

खुर्ची कोणाला आणि शब्द कोणाला

सभेत बसणे आणि सभेत बोलणे यांत अंतर असते, याचा अनुभव कृष्णवर्णीयांना आणि स्त्रियांना अधिक तीव्रतेने आला. ब्रुकलिनच्या बेडफर्ड-स्टायव्हेसंट भागातील क्लबमध्ये शर्ली चिशम या तरुण शिक्षिका जात असत. तेथील स्त्रियांकडे सोडतीच्या कार्यक्रमाची तयारी सोपवलेली असे आणि चिशम यांच्या वाट्याला सिगारची खोकी सजवण्याचे काम आले. निधी स्त्रिया उभारतात, तर त्यांना खर्चासाठी रक्कम का मिळू नये, असा प्रश्न त्यांनी सभेत उभा केला. पुढे जुन्या नेतृत्वाविरुद्ध 1960 साली युनिटी डेमोक्रॅटिक क्लब निघाला. त्याच्या बळावर चिशम 1964 साली राज्य विधानसभेत निवडून आल्या. 1968 साली अमेरिकन काँग्रेसमध्ये निवडून गेलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला ठरल्या.

हार्लेममध्ये जे. रेमंड जोन्स यांच्या कार्व्हर डेमोक्रॅटिक क्लबने असेच कार्य केले. जोन्स 1964 साली मॅनहॅटनच्या पक्षसंघटनेचे प्रमुख झाले. त्या पदावर पोहोचलेले ते पहिले कृष्णवर्णीय नेते होते. त्यांच्या क्लबमध्ये राजकारणाचे धडे घेतलेले डेव्हिड डिंकिन्स 1990 साली शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर झाले.

सभेचे खरे वजन

क्लब ही कायद्याने निर्माण झालेली संस्था नव्हे. तिची सत्ता पक्षाच्या अधिकृत रचनेत तिची माणसे बसल्याने येते. न्यूयॉर्क राज्यात विधानसभेचे 150 मतदारसंघ असून त्यांपैकी 65 शहरात आहेत. प्रत्येक मतदारसंघातील किंवा त्याच्या भागातील पक्षाचे मतदार ‘डिस्ट्रिक्ट लीडर’ निवडतात. हे पद बिनपगारी असून परंपरेने एक पुरुष आणि एक स्त्री अशी जोडी निवडली जाते. त्याखालोखाल मतदान केंद्रनिहाय निवडलेले ‘काउंटी कमिटी’चे सदस्य असतात. या जागांसाठी माणसे शोधण्याचे काम मुख्यतः क्लब करतात.

दुसरे काम सह्यांचे. पक्षांतर्गत निवडणुकीत उतरण्यासाठी उमेदवाराला पक्षाच्या नोंदणीकृत मतदारांच्या सह्या ठरावीक आठवड्यांत गोळा कराव्या लागतात. नगरसेवकासाठी 450, विधानसभेसाठी 500, तर महापौरपदासाठी 3,750 सह्या लागतात. प्रतिस्पर्धी एकेक सहीवर आक्षेप घेत असल्याने प्रत्यक्षात कितीतरी अधिक सह्या जमवल्या जातात. थंडीच्या अखेरीस पदपथावर कागद घेऊन उभे राहणारे स्वयंसेवक ज्याच्या हाताशी आहेत, त्याचे निम्मे काम झाले असे समजले जाते.

तिसरे काम न्यायाधीशांचे. न्यूयॉर्क राज्यात ‘सुप्रीम कोर्ट’ हे नाव सर्वोच्च न्यायालयाचे नसून खटले प्रथम चालवणाऱ्या प्रमुख न्यायालयाचे आहे. तेथील न्यायाधीश 14 वर्षांसाठी निवडणुकीने येतात आणि त्यांची उमेदवारी पक्षाच्या प्रतिनिधींच्या अधिवेशनात ठरते. ही पद्धत पुढाऱ्यांच्या हाती सत्ता देते, असा आक्षेप घेऊन दावा दाखल झाला होता. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने मात्र 2008 साली ती घटनाबाह्य ठरवण्यास नकार दिला. म्हणूनच इच्छुक न्यायाधीश आजही क्लबच्या सभांना हजेरी लावतात.

या सर्वांवर कळस म्हणजे पाठिंब्याची सभा. त्या संध्याकाळी उमेदवार ओळीने येतात, मोजक्या मिनिटांत आपली बाजू मांडतात, प्रश्नांना उत्तरे देतात आणि सभासद मतदान करतात. अनेक क्लबांच्या घटनेनुसार हा अधिकार ठरावीक काळ सभासद असलेल्यांना आणि वर्षभरात ठरावीक सभांना उपस्थित राहिलेल्यांनाच मिळतो. आयत्या वेळी माणसे आणून सभा ताब्यात घेण्याचे डाव जुनेच आहेत. त्यांवरचा हा उतारा होय. मात्र रात्रपाळी करणारा कामगार किंवा तान्हे मूल असलेली आई या नियमाने बाहेर राहते, ही त्याची दुसरी बाजू.

न्यूयॉर्क शहरातील नोंदणीकृत मतदारांपैकी सुमारे दोनतृतीयांश डेमोक्रॅटिक पक्षाचे आहेत. त्यामुळे अनेक पदांचा निकाल नोव्हेंबरमध्ये नव्हे, तर जूनमधील पक्षांतर्गत निवडणुकीतच लागतो. त्या निवडणुकीत फक्त पक्षाच्या मतदारांना भाग घेता येतो आणि त्यांतलेही थोडेच येतात. अशा विरळ मतदानात महिन्याची सभा न चुकवणाऱ्या काही डझन माणसांचे वजन त्यांच्या संख्येपेक्षा कितीतरी अधिक भरते.

बदलते वारे

क्लबांचा प्रभाव पूर्वीसारखा उरलेला नाही, हेही खरे. क्वीन्सच्या पक्षसंघटनेचे प्रमुख आणि अनुभवी काँग्रेस सदस्य जोसेफ क्राउली यांना 2018 साली अलेक्झांड्रिया ओकासिओ-कोर्टेझ या नवख्या उमेदवाराने हरवले. एकूण मतदान तीस हजारांच्या आत होते. शहरातील पदांच्या पक्षांतर्गत निवडणुकीत 2021 पासून पसंतीक्रमाने मतदान सुरू झाले. 2025 साली भारतीय वंशाचे झोहरान ममदानी घरोघर फिरणाऱ्या स्वयंसेवकांच्या प्रचंड फळीच्या बळावर माजी गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांचा पराभव करून महापौरपदी निवडून आले. संघटनेचा आशीर्वाद नसला तरी जिंकता येते, हे यांतून दिसले.

मात्र या उदाहरणांतील धडा क्लबच्या विरोधात जातो असे नाही. ब्रुकलिनमध्ये बराक ओबामा यांच्या प्रचारातील कार्यकर्त्यांनी 2008 साली ‘न्यू किंग्ज डेमोक्रॅट्स’ हा क्लब काढला, तो काउंटी कमिटीतील रिकाम्या जागा लोकांपुढे आणण्यासाठी. ज्या जागेची कोणाला माहितीही नव्हती, त्या जागेवर शेजारच्या माणसाने उभे राहावे, एवढीच त्यांची मागणी होती. जुन्या पुढाऱ्यांची सत्ता मुख्यतः अशा न लढवलेल्या जागांवर आणि न भरलेल्या खुर्च्यांवरच टिकून होती.

करोनाच्या साथीत, 2020 साली, अनेक क्लबांच्या सभा संगणकाच्या पडद्यावर भरू लागल्या. त्यामुळे वृद्धांची आणि लहान मुलांच्या पालकांची सोय झाली. सभेची रीत मात्र तीच राहिली. इतिवृत्त, जमाखर्च, ठराव, मतदान आणि शेवटी पुढील सभेची तारीख. न्यूयॉर्कच्या राजकारणात ही तारीख लिहून घेणाऱ्याला महत्त्व आहे, कारण पाठिंब्याच्या सभेत हात वर करण्याचा अधिकार त्यालाच मिळतो.