मद्रास व हैदराबाद यांमधील बुद्धिबळाचा पत्रसामना (इ. स. १८२८–२९)

बुद्धिबळाचा खेळ मूळचा आपला, असें आपण अभिमानानें सांगतों. परंतु अमुक सालीं अमुक दोन पक्ष पटाशीं बसले व पहिल्या खेळीपासून शेवटपर्यंत त्यांनीं अमुक खेळ्या केल्या, असा आपल्याकडील जुना लेखी डाव दाखवा म्हटलें, कीं आपली बोलती बंद होते. ग्रंथ नाहींत असें नव्हे. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या मानसोल्लासांत (इ. स. ११३१ च्या सुमारास) या खेळाचें प्रकरण आहे. मूळच्या पैठणच्या, पण काशीस स्थायिक झालेल्या भट्टकुलांतील नीलकंठ भट्टानें सतराव्या शतकांत जो भगवंतभास्कर रचिला, त्याच्या नीतिमयूखांत बुद्धिबळाचें निरूपण असून घोडा पटाच्या सर्व घरांतून एकेकदांच कसा फिरवावा हेंही सांगितलें आहे. तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांच्या विलासमणिमंजरीचें इंग्रजी भाषांतर तर मुंबईसच इ. स. १८१४ मध्यें छापलें गेलें. पण या तिहींत काय मिळतें? नियम मिळतात, मोहऱ्यांची मांडणी मिळते, अमुक खेळींत मात करा असे कूटप्रश्न मिळतात. प्रत्यक्ष खेळला गेलेला डाव मिळत नाहीं. युद्धशास्त्राची पोथी हातीं असावी आणि एकाही लढाईची बखर नसावी, तशांतला हा प्रकार आहे.

याचें कारण उघड आहे. समोरासमोर बसून खेळणारा मनुष्य खेळी लिहून ठेवीत नाहीं. डाव संपला कीं मोहरीं पिशवींत जातात आणि त्यांच्याबरोबर डावही जातो. दोन गांवच्या मंडळ्या टपालानें खेळूं लागल्या म्हणजे मात्र प्रकार निराळा होतो. तेथें खेळी म्हणजेच पत्र. पत्र लिहिल्यावांचून मोहरें हालत नाहीं, आणि प्रत्येक खेळीची नोंद दोन्ही गांवीं राहते. आपणां दप्तरें धुंडाळणाऱ्यांस अशा सामन्याचें महत्त्व निराळें सांगावयास नको. मद्रास व हैदराबाद या दोन शहरांमध्यें इ. स. १८२८–२९ सालीं (शके १७५०–५१) झालेला सामना या जातीचा आहे, आणि त्याची हकीकत छापून निघाली आहे.

हा सामना समजण्यास त्याच्या आगेमागेच विलायतेंत झालेला दुसरा एक सामना आधीं पाहिला पाहिजे. लंडनचें बुद्धिबळ-मंडळ इ. स. १८०७ चें, एडिंबरोचें इ. स. १८२२ चें. दोन वर्षांच्या या पोरानें त्या वडिलांस आव्हान दिलें, आणि इ. स. १८२४ च्या एप्रिलांत सामना सुरू झाला. पण पंचवीस गिनी किंमतीच्या चांदीच्या पेल्याचा होता. दोन शहरांमधील अंतर सुमारें चारशें मैल. आगगाडी नव्हती, टपालाची घोडागाडी पत्रें नेई. पांच डाव व्हावयास चार वर्षें लागलीं. इ. स. १८२८ च्या ३१ जुलैस सामना संपला, तेव्हां एडिंबरोचे दोन डाव, लंडनचा एक, व दोन बरोबरीचे, असा हिशेब होऊन पेला उत्तरेस गेला.

यांतील दुसऱ्या डावाची गोष्ट थोडी विस्तारानें सांगण्यासारखी आहे. लंडनकरांच्या बाजूस जॉन कॉक्रेन नांवाचा तरुण व धाडसी खेळाडू होता, इ. स. १८२२ त या खेळावर त्यानें स्वतंत्र पुस्तकही लिहिलें होतें. दुसऱ्या डावांत लंडनचा हल्ला चांगला रंगला होता. इतक्यांत, सामना सुरू झाला त्याच वर्षीं, कॉक्रेन हिंदुस्थानांत निघून आला. मागें राहिलेल्यांना तो हल्ला शेवटास नेतां आला नाहीं. पुढें त्यांनीं एक खेळी पाठविली, ती चुकली असें ध्यानांत येतांच ती परत घेऊं द्यावी म्हणून मागाहून लिहिलें. एडिंबरोकरांनीं साफ नाकारलें: पाठविलेली खेळी ती खेळी. तो डाव लंडननें गमावला. पुढें दोन्ही मंडळांनीं आपापली बाजू मांडणाऱ्या पुस्तिका छापल्या व एकमेकांवर ठपके ठेवले. खेळाडूंना या भांडणाची लाज वाटली असेल. संशोधकास मात्र तें भाग्यच आहे. दोन पक्ष भांडले म्हणूनच दोन पक्षांचे कागद शिल्लक राहिले.

आतां आपल्या सामन्याकडे येऊं. एडिंबरोची पुस्तिका इ. स. १८२९ त निघाली, आणि त्याच सालीं मद्रासेंतही एक लहानसें इंग्रजी पुस्तक छापलें गेलें. त्यांत पूर्वार्धीं ‘मुझिओ’ नांवाच्या डावाच्या आरंभाचें सविस्तर पृथक्करण, व उत्तरार्धीं मद्रास व हैदराबाद यांच्यामध्यें झालेले दोन डाव आहेत. कर्ते दोघे: मद्रासच्या मुलकी खात्यांतील जेम्स कॉक्रेन, आणि मद्रासचे गुलाम कासीम. ‘मद्रासकडील डावांचें मुख्य सूत्रचालन यांच्याकडे होतें’ अशा अर्थाचे शब्द मुखपृष्ठावरच गुलाम कासीम यांच्या नांवापुढें आहेत. दोन्ही डाव मद्रासनें जिंकले. कंपनी सरकारच्या अमलांत, गोऱ्या अधिकाऱ्याच्या नांवाशेजारीं एका देशी माणसाचें नांव, आणि तेंही आश्रित म्हणून नव्हे तर खेळाचा नायक म्हणून छापलें जावें, ही त्या काळीं क्षुल्लक गोष्ट नव्हे.

सामना कोणत्या नियमांनीं खेळला गेला, याचें उत्तर पुस्तकाच्या विषयांतच आहे. आपल्याकडील जुन्या पद्धतींत बहुतेक ठिकाणीं प्यादें पहिल्या खेळीसही एकच घर चाले. किल्लेकोट नसे, त्याऐवजीं शह लागण्यापूर्वीं राजास एकदां घोड्याच्या चालीनें उडी घेतां येई. नुसता राजा उरला कीं बुर्जी होई. आणि प्याद्यानें केलेल्या मातेचा, म्हणजे प्यादेमातेचा, मान मोठा असे. मुझिओचा आरंभ या नियमांनीं होऊंच शकत नाहीं. त्यांत दोन्हीं राजांचीं प्यादीं पहिल्या खेळीस दोन दोन घरें जातात. नंतर पांढरा आपल्या राजाच्या उंटाचें प्यादें दोन घरें टाकून तें बळी देतो. काळा तें मारतो. पांढऱ्याचा राजाकडील घोडा व उंट बाहेर पडतात, आणि काळा त्याच बाजूच्या घोड्याचें प्यादें दोन खेळ्यांत पुढें रेटून पांढऱ्याच्या घोड्यावर घालतो. येथें पांढऱ्यानें घोडा वांचवावयाचा नाहीं. तो तसाच मरूं देऊन किल्लेकोट करावयाचा व उघड्या पडलेल्या वाटेनें हल्ला चढवावयाचा, याचें नांव मुझिओ. घोडा मरूं देऊन किल्लेकोटाच्या जागीं वजिराचें प्यादें दोन घरें टाकावयाचें, या पोटभेदास युरोपांतील ग्रंथांतून आजही गुलाम कासीम यांचेंच नांव आहे. किल्लेकोट नसलेल्या देशी खेळांत हात बसलेल्या माणसास किल्लेकोटावांचूनची खेळी सुचली, असें म्हणण्याचा मोह होतो. तर्क गोड आहे. पण गोड तर्कांनींच आपल्या विषयाचें पुष्कळ नुकसान झालें आहे, म्हणून तो येथेंच सोडतों.

कारण या खेळांतील नांवें फार फसवीं आहेत. मुझिओ हा त्या आरंभाचा खेळणारा नव्हेच. इटालियन ग्रंथकार साल्व्हिओ यानें जेरोनिमो कास्सिओ नांवाच्या खेळाडूचा डाव मुझिओच्या तोंडून ऐकून लिहिला, आणि इ. स. १८१३ त साराट या इंग्रजानें भाषांतर करतांना सांगणाऱ्यालाच खेळणारा केला. एडिंबरोच्या सामन्यावरून ज्या आरंभास ‘स्कॉच’ म्हणतात, तो त्या सामन्यांत प्रथम लंडनकरांनीं खेळला. एडिंबरोकरांनीं तो मागाहून उचलला आणि जिंकले म्हणून नांव त्यांचें पडलें. त्याचा उल्लेख तर देल रिओ या इटालियनाच्या इ. स. १७५० च्या पुस्तकांतही आहे. पॅरिस व लंडनचें वेस्टमिन्स्टर मंडळ यांच्या इ. स. १८३४–३६ च्या पत्रसामन्यांत पॅरिसकरांनीं राजाचें प्यादें एकच घर पुढें टाकून उत्तर दिलें व दोन्ही डाव जिंकले, तेव्हांपासून तें उत्तर ‘फ्रेंच’ झालें. तात्पर्य, नांव जेत्याचें किंवा ऐकीव गोष्ट सांगणाऱ्याचें पडतें. गुलाम कासीम यांच्या बाबतींत मात्र नांवामागें छापील पृथक्करण उभें आहे, व हा दाखला इतर पुष्कळ नांवांच्या दाखल्यांहून बळकट आहे.

येथें एका घोटाळ्याविषयीं सावध केलें पाहिजे. मद्रासच्या पुस्तकाचा सहकर्ता जेम्स कॉक्रेन, आणि लंडनचा डाव अर्धा टाकून हिंदुस्थानांत आलेला जॉन कॉक्रेन, हे दोन भिन्न पुरुष आहेत. आडनांव एक, देश एक, काळ एक, खेळही एक. त्यामुळें एकाची कीर्ति दुसऱ्याच्या पदरीं घालण्यास सर्व साहित्य तयार आहे. जॉन हा वकील. त्याचें हिंदुस्थानांतील कार्यक्षेत्र कलकत्ता, आणि मोफसलांतील महेशचंद्र बानर्जी या ब्राह्मण खेळाडूशीं झालेले त्याचे डाव इ. स. १८५० च्या आसपासचे व नंतरचे. जेम्स मद्रासच्या मुलकी खात्यांतला. ज्यांच्या संग्रहीं जुनीं इंग्रजी पुस्तकें आहेत त्यांनीं मुखपृष्ठावरील पहिलें नांव नीट वाचावें. केवळ ‘कॉक्रेन’ एवढ्यावरून यादींत नोंद करूं नये.

राहिला प्रश्न पुराव्याच्या एकांगीपणाचा. लंडन-एडिंबरोच्या भांडणांत दोन बाजूंचें बोलणें ऐकूं येतें. मद्रासच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर दोन्ही नांवें मद्रासचीं, म्हणजे जिंकणाऱ्यांचीं आहेत; हैदराबादकरांपैकीं एकाचेंही नाहीं. यानें डावांची विश्वसनीयता कमी होत नाहीं, कारण खेळ्या दोन्ही पक्षांस ठाऊक असतात व त्यांत बदल करून छापणें म्हणजे चारशें मैलांवरच्या प्रतिपक्षास आयतें हत्यार देणें होय. पण खेळ्यांवरील टीपा हें निराळें प्रकरण आहे. अमुक खेळी कां चुकली, तिच्याऐवजीं काय करावयास हवें होतें, हें जेता सांगतो तें जित मान्य करीलच असें नाहीं. पानिपताची हकीकत एकाच गोटांतून ऐकून आपण समाधान मानीत नाहीं. येथें तरी कां मानावें? पत्रसामन्याचा प्रत्येक कागद दोन ठिकाणीं असतो. मद्रासकरांची पत्रें हैदराबादेस गेलीं होतीं, व तेथून निघालेल्या उत्तरांचे मसुदेही तेथेंच झाले होते.

म्हणून निजामाच्या राज्यांतील जुन्या घराण्यांचीं दप्तरें ज्यांच्या पाहण्यांत येतात त्यांस एक सूचना. त्या वेळच्या इंग्रजी रीतीनें खेळी शब्दांत लिहीत: अमक्या मोहऱ्याचें प्यादें अमक्या घरीं. ती देशी भाषेंत उतरली म्हणजे कागदावर हत्ती, घोडा, उंट, प्यादें, वजीर हेच शब्द आणि त्यांपुढें आंकडे दिसणार. असा कागद रुमालांत निघाला तर घाईघाईनें ‘शिबंदीची यादी’ असा शेरा मारून तो पुन्हां बांधला जाण्याचा संभव फार. ओळखण्याची खूण सोपी आहे. शिबंदीच्या यादींत रोजमुऱ्याचे किंवा दाणावैरणीचे रुपये असतील आणि प्याद्यांचा आंकडा शेंकड्यांनीं असेल. डावाच्या कागदांत रुपया नसेल, ओळी दोन रकान्यांत चालतील, खेळ्यांचा अनुक्रम सोडला तर घराचा कोणताही आंकडा आठाच्या वर जाणार नाहीं, आणि कोठें तरी ‘शह’ हा शब्द आढळेल.