कुटुंब-पुनर्मीलनाची आर्थिक अट

परदेशी स्थायिक झालेल्या व्यक्तीस आपली पत्नी, पती, मुले वा आईवडील यांना कायमच्या वास्तव्यासाठी तेथे आणावयाचे असल्यास, त्यांच्या निर्वाहाची व निवासाची सोय सरकारी साहाय्याविना आपण करू शकतो, असे त्या देशाच्या शासनास दाखवून द्यावे लागते. या शर्तीस कुटुंब-पुनर्मीलनाची आर्थिक अट म्हणतात. तिची मुळे निर्धन आप्रवासी समाजावर भार होऊ नये या जुन्या धोरणात आहेत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांनी १८८२ च्या कायद्यानेच स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या व्यक्तींना प्रवेश नाकारला होता. प्रवेश मागणाऱ्याच्या निर्धनतेवरून ही कसोटी पुढे त्याला बोलावणाऱ्या आप्ताच्या उत्पन्नावर कशी आली, हे ब्रिटनच्या इतिहासावरून विशेष स्पष्ट होते.

हक्काचा काळ : राष्ट्रकुलातील नागरिकांच्या प्रवेशावर ब्रिटनने १९६२ च्या कायद्याने प्रथम निर्बंध घातले. तथापि ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुल नागरिकाची पत्नी व १६ वर्षांखालील मुले यांचा प्रवेशाचा हक्क त्या कायद्यातच मान्य केलेला होता. पतीची मिळकत किती, हा प्रश्न त्यात नव्हता. कापडगिरण्यांत व ओतशाळांत काम करणाऱ्या अनेक भारतीय व पाकिस्तानी कामगारांनी आपली कुटुंबे या काळात आणली. १९७१ च्या आप्रवासन कायद्याने निर्बंध कडक केले. परंतु १ जानेवारी १९७३ पूर्वी स्थायिक झालेल्या राष्ट्रकुल नागरिकांची व त्यांच्या बायकामुलांची स्थिती पूर्वीपेक्षा प्रतिकूल होणार नाही, अशी हमी त्याच कायद्यात होती. त्यामुळे निर्वाह व निवास यांची अट अशा कुटुंबांना लागू होत नसे.

हमीचा लोप : ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या पुरुषास पत्नी आणणे जितके सुकर होते, तितके स्त्रीस पती आणणे नव्हते. यूरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९८५ मध्ये अब्दुलअझीझ व इतर दोन स्त्रियांच्या खटल्यात हा लिंगभेद ठरतो असा निर्णय दिला. शासनाने समानता आणली, पण ती पुरुषांची सवलत काढून घेऊन. स्त्रियांचे निर्बंध मात्र शिथिल झाले नाहीत. पुढे १९८८ च्या कायद्याने १९७१ ची हमीही रद्द केली. अनेक वर्षे एकट्याने राहून कुटुंब आणण्याची तयारी करणाऱ्या कामगारालाही त्यानंतर आपली आर्थिक क्षमता सिद्ध करणे भाग पडले.

पर्याप्ततेची कसोटी : पुरेसा निर्वाह म्हणजे किती, याचा निश्चित आकडा त्यानंतरही दीर्घकाळ नव्हता. २००६ मध्ये न्यायाधिकरणाने एक मोजमाप मान्य केले. त्यानुसार कर व घरखर्च वजा जाता कुटुंबाच्या हाती उरणारी रक्कम, तेवढ्याच मोठ्या ब्रिटिश कुटुंबास मिळणाऱ्या सरकारी निर्वाह-साहाय्याइतकी असावयास हवी होती. भाऊ, चुलता वा अन्य नातलग नियमित मदत करणार असल्यास तीही हिशेबात धरता येईल, असे डिसेंबर २००९ मध्ये ब्रिटिश सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. अडीअडचणीस भाऊबंदांनी उभे राहावे ही दक्षिण आशियाई कुटुंबांची रीत यामुळे कायद्याच्या नजरेस आली; मात्र ही मान्यता अल्पकाळच टिकली.

निश्चित आकडा : ९ जुलै २०१२ पासून जोडीदारास आणू इच्छिणाऱ्याचे वार्षिक उत्पन्न कर वजा करण्यापूर्वी किमान १८,६०० पौंड असले पाहिजे, असा नियम झाला. अटीच्या कक्षेत येणाऱ्या पहिल्या मुलासाठी ३,८०० व त्यापुढील प्रत्येकासाठी २,४०० पौंडांची भर पडे. आप्रवासन सल्लागार समितीच्या २०११ च्या अहवालानुसार १८,६०० पौंड ही जोडप्यास उत्पन्नाधारित सरकारी साहाय्याची गरज न पडण्याची पातळी होती. उत्पन्न कमी असल्यास बचतीचा आधार घेता येई. पण बचतीतील पहिले १६,००० पौंड धरले जात नसत आणि तुटीच्या अडीचपट रक्कम त्यांवर असावी लागे. म्हणजे १५,००० पौंड मिळविणाऱ्याची तूट ३,६०० पौंड असल्याने त्याला २५,००० पौंडांची, तर काहीच उत्पन्न नसलेल्यास ६२,५०० पौंडांची बचत दाखवावी लागे. परदेशातील जोडीदाराला ब्रिटनमध्ये पुढे मिळू शकणारा पगार हिशेबात धरला जात नसे आणि नातलगांचे मदतीचे आश्वासनही सामान्यतः अग्राह्य ठरले. लंडन आणि कमी वेतनाचे प्रदेश यांना एकच आकडा लागू होता. ही कसोटी एकदाच देऊन भागत नसे. कायम वास्तव्याचा परवाना मिळेपर्यंतच्या पाच वर्षांत ती पुन्हा उत्तीर्ण व्हावी लागे.

परिणाम व न्यायनिर्णय : ही अट ब्रिटिश नागरिकांनाही लागू असल्याने कमी वेतनाच्या नोकरीतील लोकांना, आणि त्यांतही अर्धवेळ काम करणाऱ्या मातांना, तिची झळ अधिक बसली. याउलट यूरोपीय संघाच्या अन्य देशांतून ब्रिटनमध्ये येऊन काम करणाऱ्यास हा आकडा लागू नव्हता. सुरिंदर सिंग या भारतीय नागरिकाच्या प्रकरणात यूरोपीय न्यायालयाने १९९२ मध्ये दिलेल्या निर्णयाचा आधार घेऊन काही ब्रिटिश नागरिक संघातील दुसऱ्या देशात काम करून जोडीदारासह मायदेशी परतत. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यावर हा मार्ग बंद झाला. २२ फेब्रुवारी २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने किमान उत्पन्नाची अट तत्त्वतः वैध ठरविली. मात्र नियमांत मुलांच्या हिताचा व उत्पन्नाच्या अन्य साधनांचा योग्य विचार झालेला नाही, असेही म्हटले. त्यानंतर अपवादात्मक प्रकरणी अशी साधने विचारात घेण्याची तरतूद झाली.

वृद्ध आईवडिलांच्या बाबतीत २०१२ च्या नियमांनी वेगळाच पेच निर्माण केला. त्यांना दैनंदिन जीवनात दीर्घकालीन शुश्रूषेची गरज असावी आणि ती बोलावणाऱ्याने पैसे पाठवूनही मायदेशी मिळू नये, अशी अट आहे. त्यामुळे भारतात पगारी शुश्रूषक ठेवण्याची ऐपत हीच मुलाच्या अर्जाला बाधक ठरू शकते.

पुढील वाढ : ११ एप्रिल २०२४ पासून जोडीदारासाठीचा आकडा २९,००० पौंड करण्यात आला व मुलांसाठीची स्वतंत्र भर रद्द झाली. तो क्रमाने ३८,७०० पौंडांवर, म्हणजे कुशल परदेशी कामगारांसाठी त्या वेळी ठरविलेल्या वेतनमर्यादेपर्यंत, नेण्याची योजना होती. त्याच वर्षी सत्तांतर झाल्यावर ती थांबविण्यात आली. नोकरीसाठीची वेतनमर्यादा कुटुंबाला लावणे सयुक्तिक नाही, असे मत आप्रवासन सल्लागार समितीने जून २०२५ च्या अहवालात मांडले.

अन्य देश : अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने बोलावणाऱ्याचे उत्पन्न सामान्यतः शासकीय दारिद्र्यपातळीच्या १२५ टक्के असावे, असे ठरले, पण ते अपुरे पडल्यास दुसरी व्यक्ती सहहमीदार होऊ शकते. यूरोपीय संघाच्या २००३ च्या निदेशात स्थिर व नियमित उत्पन्नाची अपेक्षा असली, तरी प्रत्येक प्रकरण स्वतंत्रपणे न पाहता केवळ आकड्यावरून अर्ज फेटाळता येणार नाही, असे २०१० मध्ये यूरोपीय न्यायालयाने नेदर्लंड्सच्या संदर्भात सांगितले. संयुक्त अरब अमीरातीने २०१९ मध्ये व्यवसायाची अट काढून दरमहा ४,००० दिरहम, किंवा ३,००० दिरहम व राहण्याची जागा, अशी मर्यादा ठेवली. कोकण व गोवा येथून आखाती देशांत गेलेल्या अल्पवेतनी कामगारांना अशा मर्यादांमुळे कुटुंब गावीच ठेवून पैसे पाठविण्यावाचून पर्याय उरत नाही.

सार्वजनिक निधीचे रक्षण हे या अटीमागील प्रयोजन सर्वत्र सांगितले जाते आणि ते निराधार नाही. परंतु ब्रिटनमध्ये नव्याने येणाऱ्या जोडीदारास बहुतेक सरकारी साहाय्य नियमानेच नाकारलेले असते. त्यामुळे आकडा निर्वाहाच्या गरजेहून जसजसा वर जातो, तसतसा तो कुटुंबाच्या स्वावलंबनाचे मोजमाप न राहता कोणी सहजीवन जगावे हे वेतनावरून ठरविणारा निकष बनतो.