ओट्यावरच्या खिडकीचा पडदा

सुट्टीत मांजरपाटाचा पडदा शिवला आणि ब्रशने त्यावर वेली काढायला बसले. रंग पसरला. आंध्रातल्या कलमकारी कारागिरांकडे यावर जुना उपाय आहे. कापड आधी हिरडा आणि म्हशीच्या दुधात भिजवायचं. दुधामुळे रंग फुटत नाही, हिरड्यामुळे लोखंड-गुळाच्या पाण्याचा काळा रंग पक्का बसतो. हातात ब्रश नाही, तर लोकर गुंडाळलेला बांबूचा कलम. कलमकारी हा शब्द फारसी. गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीत मच्छलीपट्टणहून हे कापड इराणला जाई.

शेजारीण म्हणाली, "नक्षी मुसलमानी वाटते हो भाभी." तिला सांगितलं, श्रीकाळहस्तीत याच कलमाने देवळांसाठी रामायणाचे पडदे रंगवतात.

आपल्या चिटाच्या कापडातली 'चीट' आणि इंग्रजांचं 'चिंट्झ' हा एकच शब्द. तिकडे या कापडाचं इतकं वेड लागलं की १७१९ मध्ये लंडनच्या विणकरांनी दंगे केले. १७२१ च्या कायद्याने असं सुती कापड अंगावर घालायलाच नव्हे, घरात पडदा म्हणून लावायलाही बंदी आली. एका पडद्याची इतकी धास्ती!

हिरडा काष्ठौषधीच्या दुकानात मिळाला. दुसरा पडदा उद्या दुधात.