पेशवेकालीन म्हणून दाखविलें जाणारें बुद्धिबळाचें मेज

पुण्यांतील जुन्या वाड्यांत चौसष्ट घरांचें लांकडी मेज क्वचित् आढळतें आणि तें पेशवेकालीन म्हणून दाखविलें जातें. खालीं निमुळते होत गेलेले सरळ पाय व जडावाची फळी हीं युरोपांत 18 व्या शतकाच्या उत्तरार्धांत रूढ झालेल्या ग्रीक-रोमन वळणाचीं लक्षणें होत. काळ जुळतो, परंतु तेवढ्यानें स्थळ जुळत नाहीं. पुणें दरबारची बैठक जमिनीवरची. 1790 च्या तहाचें थॉमस डॅनियलनें 1805 त पुरें केलेलें चित्र पाहावें, त्यांत इंग्रजांचा वकील मॅलेटहि बिछायतीवरच आहे. मूळ पैठणच्या भट्ट घराण्यांतील नीलकंठानें नीतिमयूखांत पट वस्त्रावर, फळीवर किंवा भूमीवर आंखण्यास सांगितलें आहे; मेजाचें नांव नाहीं.

खरी खूण घरांची. युरोपीय पटावर घरें काळीं-पांढरीं; आपल्या जुन्या पटावर तीं एकरंगी, आणि कांहींवर फुल्या. बुद्धिबळांत या फुल्यांचा कांहींच उपयोग नाहीं. अष्टापदावर पूर्वीं फाशांचा खेळ होत असे, त्याचे ते अवशेष, असें बुद्धिबळाचा इतिहासकार मरे यानें 1913 त प्रतिपादिलें. तें आम्हांस पटतें. (अष्टापद शब्दांतील दीर्घ आकार पाणिनि 6.3.125 नें सिद्ध होतो. अष्टपद असें छापणारांनीं लक्षांत घ्यावें.)

सबब मेजाचें कौतुक करण्यापूर्वीं अडगळींतील साधे पाट पाहावेत. असा एक पाट आम्हांस दाखविला तेव्हां त्यावर नुकताच रंधा फिरला होता; कडेस अर्धी फुली तेवढी राहिली होती.