ओवीचा चौथा चरण

नेवाशात उभं राहून ज्ञानेश्वरीबद्दल बोलायचं म्हणजे थोडं धाडसच आहे. पैस खांबाची गोष्ट इथल्या शाळकरी पोरालाही आमच्यापेक्षा चांगली सांगता येईल. संयोजकांनी दिलेला विषय मोठा आहे: नृत्य, संगीत आणि प्रयोगकलांचा विद्यापीठीय अभ्यास. आम्ही जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं. नाचगाण्याशी आमचा संबंध समोर बसून ऐकण्यापुरता. म्हणून एवढ्या पसाऱ्यातून एकच वस्तू उचलली आहे, ओवी. आणि ओवीतलाही, खरं सांगायचं तर, फक्त चौथा चरण.

सुरुवात मात्र मातीपासून करू. १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकळियांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इथल्या लाडमोड टेकाडावर उत्खनन केलं, आणि १९६० साली त्याचा भलाथोरला अहवाल निघाला. दगडी हत्यारं, जोर्वे पद्धतीची भांडी, मण्यांच्या माळा, मडक्यात पुरलेली लहान मुलं. माणूस काय खात होता, कशात शिजवत होता, गेलेल्या लेकराला कसा निरोप देत होता, हे त्या मातीतून कळतं. काय गात होता ते कळत नाही. गाण्याचं खापर मागे राहत नाही. पण ज्याच्या साथीने गाणं झालं ते साधन कधीकधी राहतं. सातवाहन-रोमन व्यापाराच्या काळातल्या थरांत इथे फिरत्या जात्याचे दगड निघाले, आणि १९५९ साली सांकळियांनी ‘अँटिक्विटी’ या विलायतेतल्या नियतकालिकात भारतातल्या फिरत्या जात्यांवर स्वतंत्र टिपण लिहिलं. त्यांच्या पुढचा प्रश्न तंत्राचा होता. त्याआधी धान्य दगडावर पुढे-मागे रगडलं जाई, मग हे फिरतं जातं आलं कधी आणि कुठून? आम्हाला त्यातून दुसराच प्रश्न पडतो. पुढे-मागे रगडणारा हात आणि गोल फिरणारा हात, हे दोन्ही एकाच लयीत गातील का?

याचं उत्तर टेकाडात नाही. ग्रंथांत थोडंसं आहे.

कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने शके १०५१च्या सुमारास, म्हणजे ११२९ साली, ‘मानसोल्लास’ रचला. या राजाला सगळ्यातच रस: हत्ती, मासेमारी, स्वयंपाक, गाणं. गाण्याच्या प्रकरणात तो सांगून जातो की महाराष्ट्रात बायका कांडताना ओवी गातात. शब्द नीट ऐका, कांडताना. आपण ओवी म्हटलं की जातं डोळ्यांपुढे आणतो. राजाच्या कानावर पडली ती उखळ-मुसळाची ओवी. मुसळ वर गेलं की क्षणभर शांत असतं, मग ठोका. जात्याला असा ठोका नाही, नुसती घरघर. ओवीच्या अगदी जुन्या उल्लेखांपैकी हा एक, आणि त्यात ना कवी, ना देव, ना वृत्त. बायका आहेत आणि काम आहे.

त्यानंतर शंभरएक वर्षांनी देवगिरीला, इथून साठ-सत्तर किलोमीटरवर, यादव राजा सिंघणाच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचे गृहस्थ होते. सिंघणाचा काळ १२१० ते १२४७. घराणं काश्मीरहून आलेलं आणि हुद्दा श्रीकरणाधिपाचा, आजच्या भाषेत हिशेबखात्याचे प्रमुख. त्यांनी ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. हिशेबनिसाने लिहिलेला ग्रंथ आहे हे वाचताना पानोपानी जाणवतं! सातवा अध्याय नृत्याचा. त्यात मान, भुवया, बुबुळं, बोटं, सगळ्याच्या हालचाली मोजून मांडल्या आहेत. आपला मुद्दा चौथ्या अध्यायात आहे, प्रबंधाध्यायात. प्रबंध म्हणजे आजचा पीएच.डी.चा प्रबंध नव्हे बरं का. प्रबंध म्हणजे बांधलेलं गाणं. त्यांतल्या विप्रकीर्ण नावाच्या गटात छत्तीस प्रकार आहेत, आणि यादी संपता संपता ओवी येते. लक्षण काय सांगितलंय? यमक जुळलेले तीन खंड, देशभाषेत गायचे, आणि शेवटी ‘ओवी’ हा शब्द.

एवढंच. पण हे ‘एवढंच’ घेऊन आपण आता देवगिरीहून नेवाशाला परत येऊ.

शके १२१२, म्हणजे १२९०. इथे त्या खांबाशेजारी ज्ञानेश्वर बोलत आहेत आणि सच्चिदानंदबाबा लिहून घेत आहेत, अशी परंपरा आहे. खांबावर लेख कोरलेला आहे तो देवळातल्या नंदादीपाच्या तेलासाठी दिलेल्या दानाचा. तेलाची नोंद दगडात राहिली, बोलण्याची नोंद ओवीत राहिली. ज्ञानेश्वरीची ओवी कशी असते हे आपल्याला पाठ आहे. पहिल्या तीन चरणांना यमक, आणि चौथा आखूड, बिनयमकाचा. आता शार्ङ्गदेवांचं लक्षण तिच्याशेजारी ठेवून पाहा. तीन जुळलेले खंड, आणि चौथ्या जागी ‘ओवी’ हे पालुपद.

आमचा तर्क असा आहे की चौथा चरण आखूड आहे कारण ती जागा मुळात पालुपदाची होती. एकीने तीन खंड म्हणायचे आणि बाकीच्यांनी ‘ओवी’ म्हणून सूर धरायचा. ज्ञानेश्वरांनी त्या जागेतला धरणारा आवाज काढला आणि तिथे अर्थ ठेवला. म्हणून ज्ञानेश्वरीत कितीदा तरी तीन चरणांत दृष्टांत फुलत जातो आणि चौथ्यात तो एका फटक्यात मिटतो. जिथे चारचौघी ‘हो’ म्हणायच्या, तिथे सिद्धान्त येऊन बसला.

ज्ञानेश्वरांनी संगीतरत्नाकर वाचला होता, असं आम्ही म्हणत नाही. तसा पुरावा नाही, आणि त्याची गरजही नाही. दोघांच्या कानांवर पडणारं गाणं एकाच मुलखातलं होतं. पण अठराव्या अध्यायाच्या अखेरीस स्वतःच्या ओवीबद्दल बोलताना ज्ञानेश्वर ‘प्रबंध’ हाच शब्द वापरतात. त्याआधी ते म्हणतात, ही ओवी गाण्याला शोभा आणते आणि गाण्यावाचूनही रंगते. दृष्टांत मोगऱ्याच्या कळ्यांचा: ओवलेल्या असोत की सुट्या, वास तोच. ओवी आणि ओवणं हे नातं तर आपण सगळेच सांगतो. आम्ही वर्गात हा दृष्टांत तीसएक वर्षं सांगितला असेल, आणि दरवेळी भर ‘सुट्या’वर दिला. अर्थ सुरापासून सुटू शकतो, म्हणजे तत्त्वज्ञान शक्य आहे, असं काहीतरी आम्ही बोलायचो. ‘ओवलेल्या’ या अर्ध्या भागाकडे दुर्लक्ष केलं. बोलणारा माणूस सभेसमोर बसलेला आहे, श्रोत्यांकडे अवधान मागतो आहे, निवृत्तिनाथ मधेच त्याला आवरतं घ्यायला सांगतात. हे सगळं ग्रंथातच आहे. तरी आम्ही तो कागदावर लिहिलेला ग्रंथ म्हणूनच शिकवला.

यात आम्ही एकटे नव्हतो. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी पाठशुद्धी केली आणि बजावलं की यापुढे जो आपली ओवी यात घालील त्याने अमृताच्या ताटात करवंटी ठेवली असं समजा. आता विचार करा, अशी ताकीद कधी द्यावी लागते? लोक ओव्या घालत होते तेव्हाच ना! तीनशे वर्षं ही ज्ञानेश्वरी माणसांच्या तोंडात होती, आणि तोंडात असलेली गोष्ट वाढते. एकनाथांचे उपकार आहेतच. पण तेव्हापासून ग्रंथातली ओवी बंद झाली आणि घरातली ओवी उघडी राहिली. पुढे १९०९ साली राजवाड्यांनी जुनी पोथी छापली, माधवराव पटवर्धनांनी ‘छंदोरचने’त अक्षरं आणि मात्रा यांचा हिशेब मांडला. सगळं मोलाचं. तरी ओवी डोळ्यांनी वाचायची वस्तू होत गेली.

जगात दुसरीकडे हाच प्रश्न होमरच्या निमित्ताने आला. मिलमन पॅरी आणि आल्बर्ट लॉर्ड १९३३ ते १९३५ या काळात युगोस्लाव्हियात हिंडले आणि गुसले नावाच्या एकतारीसारख्या वाद्यावर वीरगाथा गाणाऱ्यांची गाणी त्यांनी ॲल्युमिनियमच्या तबकड्यांवर मुद्रित केली. अव्दो मेजेदोविच नावाच्या निरक्षर गायकाने त्यांना बारा हजारांहून जास्त ओळींचं एक काव्य सांगितलं. ज्ञानेश्वरी नऊ हजार ओव्यांची, म्हणजे तुलना अगदीच अस्थानी नाही. गंमत अशी की हे काव्य गाऊन नव्हे, तोंडी सांगून लिहून घेतलेलं आहे. लॉर्ड यांचं म्हणणं पडलं की सांगताना चांगल्या गायकाला घाई नसते, तो खुलवून सांगतो. म्हणजे लेखकु समोर बसला की नुसतं नुकसान होतं असं नाही, आमच्या सच्चिदानंदबाबांच्या बाजूने हे नोंदवून ठेवू. पण लॉर्ड दुसरंही सांगतात: हातातलं वाद्य काढून घेतलं की कित्येक गायकांची ओळच मोडायची.

नामदेवांच्या बाबतीत ख्रिश्चन नोवेट्स्की यांनी ‘रिलिजन अँड पब्लिक मेमरी’ (२००८) या पुस्तकात कीर्तनकारांच्या बाडांकडे लक्ष वेधलं आहे. बाड हे कीर्तनासाठी असतं, कीर्तन बाडासाठी नसतं. आमच्या पिढीतल्या मराठीच्या प्राध्यापकांनी बाडं पाहिली ती पाठभेद शोधायला.

आता घरातली ओवी. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये ओव्या गोळा केल्या, सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीतर्फे खंडामागून खंड काढले. त्यानंतर पुण्यात गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी जे काम उभं केलं त्याला तोड नाही: जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांची संगणकीय सूची घडवली, आणि आज ‘पारी’ या संकेतस्थळावर त्यांतल्या काही ऐकताही येतात. बहुतांश ओव्या अर्थात कागदावरच आहेत. ऐकता येतात त्या जरूर ऐका. ओळ परत फिरते, मधे ‘बाई’ येतं, एक थांबते तिथे दुसरी उचलते. पहिली, दुसरी, तिसरी ओवी अशी मोजत जाण्याची रीत आहे, तीही पाहा. ‘ओवी’ हा शब्द गाण्याच्या आतच अजून उभा आहे. आठशे वर्षांपूर्वी शार्ङ्गदेवांनी नोंदवलेलं पद ते हेच की नाही, आम्हाला सांगता येणार नाही. पण कान टवकारतात.

इथे आमच्या वहीची गोष्ट सांगायला हवी. सत्तरच्या दशकात, नोकरी नवी असताना, सुटीत घरी गेलो आणि आईला म्हटलं, ओव्या सांग, लिहून घेतो. तिला खुर्चीवर बसवलं. पाच-सहा सांगितल्या आणि अडली. उजवा हात आपोआप हवेत गोल फिरायला लागला. मग स्वतःच हसली आणि म्हणाली, “खुंटा हातात असल्याशिवाय नाही रे आठवत.” जात्यावर बसली तेव्हा सकाळभर थांबली नाही. आम्ही भराभर लिहिलं, एकशे चाळीस ओव्या. ‘ग बाई’ गाळलं, परत म्हटलेली ओळ गाळली, मधला हुंकार गाळला. स्वच्छ, शुद्ध प्रत केली आणि फार शहाणपणा केला असं वाटलं.

आज आम्हाला हवं आहे ते नेमकं गाळलेलं. जात्यात मूठभर दाणे टाकायचे, त्याला आमच्याकडे वैरण घालणं म्हणतात. वैरण घालताना हात क्षणभर सैल होतो. आईचा सूर तेव्हा लांबायचा, असं आम्हाला अंधुक आठवतं. तो लांबलेला सूर ओवीच्या शेवटावर पडत असेल, तर आखूड चरणाचा आमचा तर्क थोडा बळकट होतो. मधेच कुठे पडत असेल, तर तो सोडून द्यावा लागेल. एकशे चाळीस ओव्यांतून हे कळत नाही. शब्द सगळे आहेत.

मघाशी चहाच्या वेळी एका बाईंनी विचारलं, “सर, जातं गेलं ते बरंच झालं की, तुम्ही त्याचं एवढं कौतुक काय करता?” बरोबर आहे त्यांचं. आमच्या गावात पिठाची गिरणी आली त्या दिवशी आईने जात्याला हळदकुंकू लावलं आणि पुन्हा म्हणून त्याला हात लावला नाही. तिचा खांदा शेवटपर्यंत दुखत होता. ओवी टिकावी म्हणून कुणी दळावं, असं म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही. सोमेश्वर राजालाही नव्हता. त्याने ऐकलं आणि लिहिलं, कांडत बसला नाही.

पण लग्नाची हळद अजून कुठेकुठे जात्यावर दळली जाते. प्रवरासंगमापासून इथवरच्या गावांत साठी-सत्तरीच्या गाणाऱ्या बायका आहेत, त्यांतल्या दोघी-तिघी आत्ता समोरच बसल्या आहेत असा आम्हाला संशय आहे. तरुण मंडळींच्या खिशात मोबाइल आहेत. हळदीच्या दिवशी आधी आजीला विचारा, तिची परवानगी घ्या, आणि मग मोबाइल जात्यापासून हातभर लांब ठेवा. तिला खुर्चीवर बसवू नका. दगडाची घरघर येऊ द्या, मधलं हसणं-बोलणं येऊ द्या, नंतर काही कापू नका. जमलं तर हात दिसतील असं चित्रीकरण करा. हळकुंडांची वैरण नेमकी कुठल्या शब्दावर पडते, ते आम्हाला पाहायचं आहे.